खाचराच्या तोंडचा देव

होळीच्या दुसऱ्या दिवशी मनुबाई माझ्या अंगणात आली तेव्हा तिचे पाय पोटरीपर्यंत काळे होते. फाल्गुनात आमच्याकडे जमीन इतकी टणक होते की अनवाणी चाललं तर टाच सोलवटते. त्या दिवसांत कोणाच्या पायाला चिखल दिसत नाही. म्हणून मी आधी तिच्या पायांकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

"खाचरात पाणी हाय गो," ती म्हणाली. "पाय टाकला की आत जातोय."

कुठलं खाचर ते विचारावं लागलं नाही. मनुबाईच्या तोंडी खाचर म्हणजे एकच, देवीचं.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून आत, डोंगराला टेकून बसलेलं. गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई आहे आणि राईच्या खाली अर्ध्या एकराचं हे खाचर. पावसाळ्यात त्यात भात होतं, ते राखण करणाऱ्याचं. भात कापून झालं की मात्र ते देवीच्या जनावरांचं. गाव आपले वाल वेळेवर पेरतं नि माघ-फाल्गुनात काढून मोकळं होतं. देवीच्या खाचरात मुद्दाम उशिरा पेरायचं. वाल, चवळी, थोडे मूग. मग आजूबाजूचं सगळं वाळून पिवळं पडलं की हिरवं तेवढंच उरतं. भेकरं, ससे, डुकरं, रानकोंबड्या राईतून उतरून तिथं खातात आणि गावाच्या परसात शिरत नाहीत. देवीनं तिचं घ्यावं, आमचं सोडावं, असा हा करार आजे-पणज्यांपासूनचा.

राखण एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते ती चैत्र पुनवेला, देवळात नारळ हातात देऊन. त्याला दोन अटी आहेत. खाचर हिरवं पाहिजे आणि त्यात जनावरांची पावलं पाहिजेत. गुरव स्वतः जाऊन बघतो. वाळलेलं, रिकामं खाचर कोणाच्या गळ्यात घालता येत नाही. ते आहे त्यानंच आणखी वर्षभर सांभाळायचं. शिवाय पेरणीपासून पुनवेपर्यंत राखण करणाऱ्यानं रोज एकदा बांधावर जायचं आणि गावाबाहेर मुक्काम करायचा नाही. नारळ दुसऱ्या घरी गेला नाही तर हीच बंदी पाऊस पडेपर्यंत लांबते.

मनुबाईचा नवरा मोरू गेला तेव्हा नारळ त्यांच्या घरात होता. तो तिच्याकडेच राहिला. सुरुवातीला भाताचा आधार म्हणून तिनं दिला नाही. पुढं द्यायचा म्हटलं तर घेणारं कोणी उरलं नाही. ज्याचे त्याचे पोरगे पनवेल-मुंबईला, घरात म्हातारे दोघं. अशी तेवीस वर्षं झाली. तिच्या भावाची मुलगी म्हसळ्याला दिली, त्या लग्नातून ही अक्षता पडताच निघून आली होती. लेकीचं, पूनमचं, घर माणगावात. एसटीनं दोन तास. थंडी-उन्हाळ्यात तिथं ती एक रात्र राहिलेली नाही. सकाळच्या गाडीनं जायची, जावयाला जेवायला वाढायची आणि ताट विसळायच्या आत पिशवी उचलायची.

यंदा तसं चालणार नव्हतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी पूनमला दिवस गेले होते. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही असं सांगितलेलं, सासू हयात नाही, जावई कारखान्यात, कधी या पाळीला कधी त्या. वैशाखात दिवस भरत होते. मनुबाईनं लेकीला शब्द दिला होता की पुनव झाली की दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी. खाचर हिरवंगार आहे, यंदा कोणीतरी घेईलच, तू काळजी करू नको. हे ती पौषात बोलली होती. तेव्हा खाचर खरंच हिरवंगार होतं.

मी तिच्याबरोबर बघायला गेले. वरून सगळं बरं दिसत होतं. जवळ गेल्यावर वालाची पानं पिवळी, खालची गळलेली. मनुबाईनं एक वेल हलक्या हातानं ओढला तर तो मुळासकट वर आला. मूळ काळं, बुळबुळीत, वास भिजवून नासलेल्या डाळीसारखा. दोन ओळींच्या मध्ये पाणी चमकत होतं आणि त्यावर डासांची अळी वळवळत होती. फाल्गुनात.

पाणी कुठून आलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वरच्या अंगाला कोणा मुंबईवाल्यानं फार्महाऊस बांधलंय, त्यानं कलमांसाठी मोठं तळं खणलं. तळ्याचं पाणी झिरपून झिरपून खाली खाचरात उतरत होतं. फाटकावरच्या माणसानं मालकाचा नंबर दिला. मालक फोनवर चांगलंच बोलला, ताई ताई म्हणाला, पण तळं त्याच्या जागेत आहे आणि जमिनीखालून पाणी कुठं जातं ते त्याच्या हातात नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

चार-पाच दिवसांत सगळे वाल बसले. जनावरं दोन-तीन वेळा येऊन वास घेऊन गेली आणि मग सरळ गावात उतरली. डुकरांनी एकाच्या परसातलं रताळं उकरलं, भेकरानं दुसऱ्याच्या मिरच्या खाल्ल्या. लोक मनुबाईच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. देवीचे पाहुणे आजकाल आमच्याकडंच जेवतात, यजमानीण कुठं गेली कोण जाणे, असं.

तिनं बोर्लीहून फकरुद्दीनला बोलावलं. हा नारळ-सुपारीच्या वाड्यांना पंप भाड्यानं देतो, मोरूच्या वेळेपासूनची ओळख. तो दोन दिवस इंजिन लावून बसला. पाणी बांधावरून खाली फेकत राहिला. संध्याकाळी तळ दिसायचा आणि सकाळी पुन्हा घोटाभर. दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन बंद केलं, रुमालानं मान पुसली आणि खाचराच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"बाय, मी समिंदर उपसतोय, नुसती मासळी न्हाय त्यात. ह्या पाण्याला जायचं हाय. वाट तिथं हाय. तुम्ही ती बंद करून ठेवलीव."

 मीच म्हणाले की फकरूभाई, तिथं आमचा देव आहे. त्यानं लगेच हात खाली घेतला, माफी मागितली, आणि पाईप गुंडाळायला लागला.

त्या कोपऱ्यात बांधोबा आहे. खाचराचा उतार सगळा त्या बाजूला आणि बांध जांभ्याच्या चिऱ्यांचा. पाणी सोडायचं तोंड एकच, त्याच कोपऱ्यात. त्या तोंडात उभा, शेंदूर लावलेला, मांडीएवढ्या उंचीचा दगड म्हणजे बांधोबा. दर मंगळवारी बायका फूल वाहतात. नवीन गाडी आली की टायरखाली लिंबू चिरडायच्या आधी लोक तिथं नारळ फोडतात. दुसरीकडं कुठं बांध फोडायचा म्हटलं तरी उपयोग नव्हता, पाणी तिथवर चढणारच नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला डोंगर, खाली देव. पावसाळ्यात पाणी बांधावरून वाहून जायचं, भाताला ते चालतं. बाकीच्या दिवसांत तिथं पाणी कधी नसायचंच. म्हणून बांधोबामुळं काही अडतं हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी काटक्या आणायला राईकडं गेले तर मनुबाई खाचराच्या मधोमध उभी. हलत नव्हती. जवळ गेल्यावर कळलं की मांडीपर्यंत रुतली आहे. फावडं लांब पडलेलं. मी माझी काटक्यांची मोळी आडवी टाकली, तिच्यावर उभी राहून तिचे हात धरले आणि खूप वेळ ओढल्यावर एक पाय निघाला, मग दुसरा. किती वेळ अशी उभी होती विचारलं तर म्हणाली, तासभर असेल. हाक का मारली नाहीस म्हणेपर्यंत ती बांधाकडं सरकली होती.

बांधावर बसून ती गवतानं पाय पुसत होती. तोंड बांधोबाकडं.

"तासभर त्याच्याकडं बघत होते," ती म्हणाली. "मीच त्याला शेंदूर फासलाय गो. देव म्हणून न्हाय. दगड म्हणून."

मग तिनं सांगितलं. मोरू गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. तो दगड तिथं पूर्वीपासून होताच, पाणी अडवायला सासऱ्यानं लावलेला. भात कापल्यावर ओल टिकायला तोंड बंद ठेवतात, सगळेच ठेवतात. पण खालच्या वावरातली माणसं, दुपारी सगळे जेवायला गेले की, येऊन दगड बाजूला करायची आणि देवीची ओल आपल्या वालांना घ्यायची. बाई एकटी, हिला कोण विचारतो. तिनं चार वेळा दगड परत लावला. पाचव्या वेळी, मंगळवार बघून, देव्हाऱ्यातला उरलेला शेंदूर तेलात कालवला, दगडाला फासला आणि वर दोन जास्वंदीची फुलं ठेवली. त्या दिवसापासून कोणी हात लावला नाही. आठ दिवस ती घरात एकटीच हसायची म्हणे.

"आणि मग तू आलीस," ती म्हणाली.

ते मला आठवलं, तिनं सांगायच्या आधीच. माझी थोरली तेव्हा तीन वर्षांची. ताप उतरत नव्हता, बोर्लीच्या डॉक्टरांनी माणगावला न्यायला सांगितलेलं आणि गाडीला अजून वेळ होता. कोणीतरी म्हणालं की देवीच्या खाचरात देव निघालाय. मी धावत गेले, पदर पसरला, बोलले ते बोलले. पोर बरी झाली. पहिला नारळ तिथं मी फोडला. माझ्यानंतर मग सगळं गाव.

"तेव्हा सांगायला पाहिजे होतं," मनुबाई म्हणाली. "तू रडत होतीस. मी गप बसले."

मला राग आला, हे खोटं सांगणार नाही. वीस-बावीस वर्षं मी तिथं दिवा लावलाय. त्या दिवशी मी तिला घरापर्यंत पोचवलं आणि चहा न घेता परतले. पुढच्या मंगळवारी मात्र हातात फूल घेऊन पुन्हा तिथंच गेले. फूल वाहताना वाटलं, मी ज्याला हाक मारली होती तो काही त्या शेंदरात नव्हता. पण ऐकलं होतं कोणीतरी. एवढंच मला कळतं.

आता यातली खरी गाठ सांगते. पूनमनंही नवस तिथंच केला होता. दोन वर्षांमागं गौरीला आली तेव्हा. मूल झालं तर लाकडी पाळणा बांधीन म्हणाली होती. आईला तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मनुबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

पुनवेला अठरा दिवस उरले असताना ती शिवदास गुरवाकडं गेली. मलाही बरोबर नेलं. देवळाच्या पायरीवर आणखी चार-पाच जण होते. त्यांच्या समोर तिनं सगळं सांगितलं, शेंदूर, मंगळवार, जास्वंदी, काही राखलं नाही. म्हणाली, तो दगड आहे, मला तो काढू द्या, पाणी जाऊ द्या, मी पुन्हा पेरते. कोणी चिडेल, शिव्या देईल, याची तिनं तयारी केली होती. तसं काही झालं नाही. शिवदास शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला:

"मनूकाकी, देव सोताहून कधी आलाय का? कोणाच्या तरी हातानंच येतो. तुझ्या हातानं आला."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यातला एक तर तिच्या पाया पडला. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिचा हात खांबावर होता, तो खाली घसरला.

तिनं कौल मागितला. तो तिचा हक्क होता. शिवदासनं अंघोळ करून देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर बांधोबाला हलवायचं, डावी पडली तर नाही. आम्ही वाट बघत बसलो. उकडत होतं. डावी पडली. कौलावर मी काही बोलत नाही, बोलू नये.

संध्याकाळी पूनमचा फोन आला. गावातलं कोणीतरी तिला कळवून मोकळं झालं होतं. मनुबाईला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्यानं लावते, मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. पूनम रडत नव्हती, हळू बोलत होती, पडून असलेलं माणूस बोलतं तसं.

"आई, माझं सुखरूप होईपर्यंत त्याला हात लावू नको. तू केलास का कोणी केला, मला न्हाय ठाऊक. मी त्याला सांगितलंय."

मनुबाई म्हणाली, न्हाय लावत. मग लेकीनं विचारलं की तू येशील ना. मनुबाई म्हणाली, येते. फोन ठेवल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. दोन्ही शब्द तिनंच दिले होते, आणि एक पाळला तर दुसरा पाळता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगणात घमेली दिसली. तिनं ठरवलं होतं की पाणी जात नाही तर जमीन पाण्याच्या वर आणायची. करवंदीच्या फांद्या चिखलात आडव्या टाकायच्या, त्यावर पेंढा, त्यावर डोंगरउताराच्या वरकस जमिनीतली कोरडी माती. कमरेएवढा रुंद, गुडघ्याएवढा उंच एकेक ढीग. मी तिला म्हणाले की पासष्टीच्या बाईनं हे करायचं काम नाही. ती म्हणाली, मग घमेलं उचल.

सहा दिवस आम्ही दोघी माती वाहत होतो. सव्वीस ढीग झाले. त्यात चवळी आणि मूग टोकले. खाली ओल, वर ऊन, चौथ्या दिवशी कोंब वर आले. कोवळ्यातच सशांनी फडशा पाडू नये म्हणून प्रत्येक ढिगाला काटे लावले आणि पुनवेच्या आधी पाच दिवस ते काढले. तेवढ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. डोंगरातले झरे आटले होते आणि जनावरं पाणी प्यायला खाचरात उतरत होती. ढिगांच्या मधल्या चिखलात खुरं इतकी स्पष्ट उठलेली की लहान पोरानंही ओळखावीत. भेकराची टोकदार, डुकराची मागं दोन ठिपके असलेली. पाणी पिता पिता ती चवळीचे शेंडे खायची. गावातली तक्रार कमी झाली. म्हणजे खाचर चाललं होतं, पण ते आता खाचर नव्हतं, दलदल होती, आणि त्यातल्या वाटा फक्त मनुबाईला ठाऊक होत्या. कुठं पाय टाकायचा, कुठं नाही.

पुनवेच्या सकाळी शिवदास बघायला आला. बांधावर उभा राहून त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला की हिरवं आहे, पावलं आहेत, नाही म्हणायला जागा नाही.

देवळात तीसेक माणसं होती. मनुबाई नारळ घेऊन देवीसमोर उभी राहिली. शिवदासनं विचारलं, राखण कोण घेतो. कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं की ज्याला बेडूक पाळायचेत त्यानं घ्यावं, आणि लोक हसले. तिसऱ्यांदा विचारायचं असतं, आणि तिसऱ्यांदाही कोणी पुढं आलं नाही तर नारळ परत त्याच घरात जातो. मनुबाई कोणाकडं बघत नव्हती. नारळाच्या शेंडीला बोटानं पीळ देत होती. त्या शेंडीकडं बघून मला माझ्या पोरीचा ताप आठवला. शेंदूर तिनं लावला होता. नारळ मी फोडला होता. तिथं देव व्हायला दोन्ही लागलं.

शिवदासनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मी हात पुढं केले.

माझे मालक तेव्हा मागं पुरुषांत उभे होते. घरी आल्यावर दोन दिवस ते स्वतःच्या हातानं वाढून जेवले. आम्ही दिवाळीनंतर थोरलीकडं नवी मुंबईला जाऊन राहायचं ठरवलं होतं, कपाटसुद्धा तिनं घेऊन ठेवलंय.

मनुबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेली. जाण्याआधी मला खाचरावर घेऊन गेली आणि पाय कुठं टाकायचा ते दाखवलं, एकेका ढिगापासून. परत बांधोबाशी आली, हात जोडले, आणि ओठ हलवून काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही. मग घरून आणलेली पहार तिनं त्याच्याजवळ बांधाला टेकवून ठेवली.

"पूनमचं झाल्यावर तुझं तू बघ," ती म्हणाली. "मी सांगणार न्हाय, काढ म्हणून का ठेव म्हणून."

वैशाखात पूनमला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मनुबाई फोनवर बाळाचं रडणं ऐकवते, आणि मग विचारते की सातव्या ढिगाची माती खचली का. खचते. मी रोज तिथं नवीन घमेलं टाकते. पुनवेनंतर रोज जायची सक्ती नाही, पण चिखल ते बघत नाही, आणि जनावरांना तर कुठंच पाणी नाही. सकाळी स्वयंपाक करायच्या आधी जाते आणि पाय धुऊन परतते, तरी वास जात नाही. मालक नाक मुरडतात.

पाऊस पडून गेला की पूनम येणार आहे, पाळणा बांधायला. सुताराकडं सांगून झालंय. मी मंगळवारी फूल वाहते, रोज पहारेकडं बघते. ती अजून तिथंच बांधाला टेकलेली आहे, टोकाला गंज चढायला लागलाय. घरी आणावी असं दोनदा मनात आलं. उचलली नाही.